टेक्सासात होलसेलिंग: घर विकायची खरी निकड असलेला मालक कसा शोधायचा

दरवर्षी गणपतीत, आरती झाल्यावर प्रसादाच्या रांगेत कोणीतरी हळूच विचारतं, "तुझं ते घरांचं काम कसं सुरू करायचं गं?" रांगेत उभ्याउभ्या सांगण्याजोगं ते नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहून काढते आहे. मी डॅलसजवळ राहते आणि पाच वर्षं होलसेलिंग करते आहे. खालचं सगळं टेक्सासला धरून आहे. दुसऱ्या राज्यात असाल तर कायदा तिथला बघा, शोधायची पद्धत बरीचशी अशीच राहील.

शब्दच नवीन असेल तर थोडक्यात सांगते. होलसेलर घर स्वतः विकत घेत नाही. तो मालकाशी ठराविक किमतीला खरेदीचा करार करतो आणि तो करार दुरुस्ती करून विकणाऱ्या किंवा भाड्यानं देणाऱ्या गुंतवणूकदाराला हस्तांतरित करतो. त्याबद्दल मिळते ती असाइनमेंट फी. बाजारभावापेक्षा कमी किमतीत घर द्यायला कोण तयार होईल, या प्रश्नावर सगळा धंदा उभा आहे. ज्याचं घर नीटनेटकं आहे आणि ज्याला घाई नाही, तो एजंटकडे जाईल, आणि त्यानं तिकडेच जावं. आपल्याकडे येतो तो मालक ज्याला चार पैसे जास्त मिळण्यापेक्षा एखादी तारीख गाठणं किंवा एखाद्या त्रासातून सुटणं मोलाचं वाटतं.

हे मला उशिरा कळलं. पहिले सात महिने मी विकत घेतलेल्या याद्यांवर घालवले. एका डेटा विकणाऱ्याकडून तीन हजार नावं घेतली. निम्मे नंबर चुकीचे निघाले आणि उरलेल्यांपैकी बहुतेकांना त्याच आठवड्यात माझ्यासारख्या आणखी दहा जणांचे फोन येऊन गेले होते. एकही सौदा झाला नाही. पहिला करार झाला तो काउंटीच्या (म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या) नोंदी स्वतः वाचायला लागल्यावर.

१. आधी व्हिसा आणि परवाना तपासा

तुम्ही एच-१बी वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, असाल तर आधी हा परिच्छेद पूर्ण वाचा. एच-१बी वर फक्त ज्या कंपनीनं अर्ज केला तिच्यासाठीच काम करता येतं. घर विकत घेऊन भाड्यानं देणं ही गुंतवणूक झाली. पण मालकांना फोन करणं, करार करणं, फी घेणं हे सरळसरळ काम आहे. एफ-१ वर शिकणाऱ्यांनाही हे चालत नाही. एच-४ वाल्यांकडे (एच-१बी वाल्यांच्या जोडीदारांकडे) ईएडी, म्हणजे काम करायची परवानगी, असेल तर स्वतःचा व्यवसाय करता येतो. ही सोय २०१५ पासून आहे, तीही जोडीदाराचा आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीनं केलेला अर्ज) मंजूर झाला असेल किंवा त्याला एच-१बी ची सहा वर्षांपुढची मुदतवाढ मिळाली असेल तरच. ग्रीन कार्ड असेल तर प्रश्न नाही. "कंपनी बायकोच्या नावावर आणि फोन मी करतो" असं करणारे मी पाहिले आहेत. काम कोण करतं हे महत्त्वाचं असतं, कंपनी कोणाच्या नावावर आहे हे नाही. दहा-पंधरा हजार डॉलरच्या फीसाठी दहा वर्षांची ग्रीन कार्डाची रांग पणाला लावू नका. शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाला तासाभराचे पैसे देऊन विचारा.

घरांच्या दलालीच्या परवान्याचं राज्याराज्यांत वेगळं आहे. टेक्सासच्या २०१७ च्या कायद्यानुसार परवाना नसतानाही करारातला आपला हक्क विकता येतो, पण समोरच्याला स्पष्ट सांगावं लागतं की मी घर विकत नाही, घराच्या करारातला माझा हक्क विकते आहे. म्हणून "तीन बेडरूमचं घर विकणे आहे" अशी जाहिरात करायची नाही, कारण घर तुमचं नाही. इलिनॉयमध्ये बारा महिन्यांत एकापेक्षा जास्त असे व्यवहार केले तर परवाना लागतो. ओक्लाहोमाने २०२१ मध्ये आणि साउथ कॅरोलायनाने २०२४ मध्ये विनापरवाना होलसेलिंग रोखलं. पेनसिल्व्हेनियात जानेवारी २०२५ पासून परवाना लागतो. यूट्यूबवरचा जुना व्हिडिओ बघून या राज्यांत उडी घेऊ नका.

२. एक काउंटी निवडा, त्यातले दोन-तीन झिप कोड निवडा

नवीन माणूस आख्ख्या मेट्रोत फिरतो आणि कुठल्याच भागाची किंमत त्याला कळत नाही. मी पहिलं वर्ष डॅलस काउंटीचा पूर्व भाग सोडून कुठे गेले नाही, म्हणजे मेस्किट आणि गार्लंडचा दक्षिण भाग. १९५५ ते १९७५ मधली विटांची बैठी घरं, जुने मालक आणि आसपास खरेदी करणारे गुंतवणूकदार, असं तिन्ही जिथे आहे तो भाग निवडा. फ्रिस्को-प्रॉस्परमधली, जिथे आपली मंडळी राहतात तिथली नवी घरं या कामाला उपयोगाची नाहीत.

इथे एक अडचण आहे. टेक्सासात घर कितीला विकलं गेलं हे सार्वजनिक नोंदीत येत नाही. काउंटीच्या साइटवर दिसतो तो कर आकारणीसाठी धरलेला भाव. खरी विक्री किंमत एजंटांच्या एमएलएस या सामायिक यादीतच असते. म्हणून तुमच्या झिप कोडमध्ये काम करणारा एक एजंट पहिल्याच महिन्यात गाठा. बदल्यात त्याला काय द्यायचं? तुम्हाला भेटलेले, एजंटकडेच जायला हवेत असे मालक. ते तुम्हाला भरपूर भेटणार आहेत.

३. नोंदींमधून विकण्याचं कारण शोधा

हाच या लेखाचा गाभा आहे, म्हणून इथे जरा रेंगाळते.

आपल्याकडे सातबारा नाहीतर इंडेक्स टू काढायला खेटे घालावे लागायचे. इथे प्रत्येक काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या (करासाठी घरांचा भाव ठरवणाऱ्या कार्यालयाच्या) साइटवर पत्ता टाकला की मालकाचं नाव, त्याचा टपालाचा पत्ता, घर कधी बांधलं आणि कोणत्या करसवलती आहेत हे फुकट दिसतं. ते पान कसं वाचायचं ते शिका. टपालाचा पत्ता घराच्या पत्त्यापेक्षा वेगळा असेल आणि होमस्टेड (राहत्या घराची) सवलत नसेल, तर मालक बहुधा तिथे राहत नाही. नावापुढे 'एस्टेट ऑफ' असेल तर मालक वारला आहे. 'इटी एएल' असेल तर मालक एकाहून जास्त आहेत, बहुतेक वेळा वारस. त्यानंतर काउंटी क्लर्कच्या नोंदीत तेच नाव शोधा. डीड ऑफ ट्रस्ट दिसलं म्हणजे कर्ज घेतलं होतं, आणि रिलीज ऑफ लिएन दिसलं म्हणजे ते फिटलं. १९८७ साली घेतलेलं आणि कर्ज फिटलेलं घर असेल तर मालकाला किंमत ठरवायची मोकळीक असते. मागच्या वर्षी पंचाण्णव टक्के कर्जावर घेतलं असेल तर त्याची कितीही इच्छा असली तरी होलसेलच्या भावात देणं त्याला शक्य नसतं, कारण बँकेचे पैसेच फिटणार नाहीत.

आता कारणं एकेक करून बघू.

मालमत्ता कराची थकबाकी. बिलं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात, ३१ जानेवारी ही शेवटची तारीख, आणि १ फेब्रुवारीला थकबाकी सुरू होते. पहिल्याच महिन्यात ६ टक्के दंड आणि १ टक्का व्याज लागतं. जुलैपर्यंत दोन्ही मिळून १८ टक्के होतात आणि त्यावर वसुलीच्या वकिलाचा २० टक्क्यांपर्यंत खर्च चढू शकतो. म्हणून थकबाकीदारांची यादी जुलै-ऑगस्टमध्ये काढा. टेक्सासच्या माहिती कायद्याखाली काउंटीच्या कर कार्यालयाकडे ती लेखी मागता येते, साधा ईमेल चालतो. त्यांनी विनाविलंब माहिती द्यायची असते, आणि दहा कामकाजाच्या दिवसांत देता येत नसेल तर कधी देणार ते लेखी कळवायचं असतं. एक वर्षाची थकबाकी म्हणजे विसरभोळेपणाही असू शकतो. दोन-तीन वर्षांची असेल तर काहीतरी बिनसलं आहे. यात एक मेख आहे: पासष्टीपुढच्या मालकाला राहत्या घराचा कर पुढे ढकलण्याची कायदेशीर सोय आहे. अशा आजी-आजोबांच्या दारात "तुमचा कर थकलाय" म्हणून उभे राहू नका. त्यांचं काहीही चुकलेलं नसतं.

फोरक्लोजर, म्हणजे कर्ज थकल्यावर बँकेनं घर लिलावात काढणं. टेक्सासात बँकेला बहुतेक वेळा कोर्टात जावं लागत नाही. लिलाव महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, सकाळी दहा ते दुपारी चारच्या दरम्यान होतो, आणि किमान २१ दिवस आधी नोटीस लावून काउंटी क्लर्ककडे नोंदवावी लागते. पहिला मंगळवार १ जानेवारी किंवा ४ जुलैला आला तर लिलाव बुधवारी जातो. म्हणजे दर महिन्याच्या मध्याला पुढच्या लिलावाची यादी तुमच्यासमोर असते. याच यादीवर सगळे तुटून पडतात. त्या मालकाला आठवड्यात पन्नास पत्रं येतात आणि शेवटी तो पाकिटं फोडायचंच बंद करतो. शिवाय २१ दिवसांत करार, टायटलची (मालकीहक्काची) तपासणी आणि क्लोजिंग (शेवटच्या सह्या आणि पैसे) बसवणं नवख्याच्या हातचं नाही. पहिल्या वर्षी या यादीवर वेळ घालवू नका, हे माझं स्पष्ट मत आहे.

वारसाची घरं. माझे निम्म्याहून जास्त सौदे इथून आले. काउंटीच्या प्रोबेट (मृत्युपत्र आणि वारसा बघणाऱ्या) कोर्टात दाखल झालेले अर्ज सार्वजनिक असतात. त्यात मृताचं नाव, अर्जदार आणि वकील कळतो. ते नाव अप्रेझल डिस्ट्रिक्टवर टाकून घर आहे का ते बघायचं. वारस बहुतेक वेळा दुसऱ्या गावी असतात, घर रिकामं असतं, विमा संपत आलेला असतो, गवत वाढलेलं असतं. इथे माणुसकी सांभाळा. मृत्यूनंतर निदान दोन-तीन महिने मी पत्र पाठवत नाही. आपल्याकडे तेराव्याच्या आत जमिनीचा विषय काढणाऱ्याला लोक काय म्हणतात ते आठवा, इथल्या माणसालाही तसंच वाटतं. मृत्युपत्र असेल तर ते साधारणपणे मृत्यूनंतर चार वर्षांच्या आत कोर्टात दाखल करायचं असतं. नसेल तर सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. 'एस्टेट ऑफ' नावावर पाच-सहा वर्षं पडून असलेलं घर दिसलं की समजा, भावंडांमध्ये कोणीतरी पुढाकार घेण्याची वाट बघतंय.

शहराच्या नोटिसा. उंच गवत, मोडकी कुंपणं, राहण्यास अयोग्य ठरवलेली बांधकामं यांच्या तक्रारी शहराच्या कोड विभागाकडे असतात. हीही यादी माहिती कायद्याखाली मिळते. बारा महिन्यांत तीन-चार नोटिसा आलेली घरं तेवढी वेगळी काढा.

परत गेलेल्या आपल्या लोकांची घरं. पुण्याला परत गेलेली किंवा दुसऱ्या राज्यात बदलून गेलेली कितीतरी मराठी कुटुंबं आर्व्हिंग, कॅरोल्टनमधली घरं भाड्यानं ठेवून जातात. भाडेकरू पैसे थकवतो, एसी ऑगस्टमध्ये बंद पडतो, आणि तिकडे रात्री अडीचला फोन वाजतो. ओळखीतून हे कानावर येतं. पण अशा बहुतेक घरांना एजंटमार्फतच चांगली किंमत येते, आणि आपल्या माणसाला तसं सांगायची हिंमत ठेवा. मालक आता अमेरिकेचा कर-रहिवासी नसेल तर फर्प्टा नावाचा नियम लागतो: खरेदीदाराला विक्री किमतीच्या १५ टक्के रक्कम कापून आयआरएसकडे (केंद्रीय कर खात्याकडे) भरावी लागते. नफ्याच्या नव्हे, पूर्ण किमतीच्या. खरेदीदार तिथे स्वतः राहणार असेल आणि किंमत तीन लाख डॉलरपर्यंत असेल तर सूट आहे, पण आपले खरेदीदार गुंतवणूकदार असतात, त्यांना ती मिळत नाही. कापलेले पैसे पुढे विवरणपत्र भरून परत मागता येतात, पण पहिल्या दिवशी हे सांगितलं नाही तर क्लोजिंगच्या टेबलावर सौदा फिसकटतो. सहीसाठी मालकाला मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत नोटरी करता येते, किंवा भारतातली नोटरी आणि त्यावर अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का). कोणतं चालेल ते टायटल कंपनीला (मालकी तपासून व्यवहार पुरा करून देणाऱ्या कंपनीला) आधी विचारा.

आता मुख्य गोष्ट. या याद्या वेगवेगळ्या वापरू नका. सगळे पत्ते एका एक्सेलमध्ये टाका आणि दोन किंवा जास्त याद्यांत आलेला पत्ता लाल करा. मालक ह्यूस्टनला राहतो, कर दोन वर्षं थकलाय आणि गवताच्या तीन नोटिसा आल्यात: तिन्ही एकाच पत्त्यावर. दोन हजार पत्त्यांतून असे साठ-सत्तर निघतात. सुरुवातीला तेवढ्यांवरच काम करायचं.

४. गाडी काढा आणि गल्ल्या फिरा

लाल केलेले पत्ते डोळ्यांनी बघून या. शनिवारी सकाळी दोन तास पुरतात. छपरावर निळी ताडपत्री, दारावर चिकटवलेली नोटीस, ओसंडून वाहणारी टपालपेटी, कचऱ्याच्या दिवशी सगळ्यांचे डबे बाहेर आणि याच घराचा नाही, वीजमीटर बंद. डॅलसच्या चिकणमातीत घराचा पाया हलतो. कोपऱ्यातल्या विटांमधून पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत गेलेली भेग दिसली की पायाचं काम निघणार. फोटो रस्त्यावरूनच काढा. आवारात शिरू नका, मागच्या अंगणात डोकावू नका. इथे ते अंगाशी येऊ शकतं.

जाताजाता यादीत नसलेली घरंही सापडतात. डीलमशीनसारख्या ॲपमध्ये ती नोंदवता येतात, पण पहिले तीन महिने वही पुरते.

५. संपर्क: पत्र, फोन, मग दार

मी पत्रानं सुरुवात करते. साधा कागद, हातानं लिहिलेला पत्ता, खरं तिकीट. फर्स्ट क्लासचं तिकीट जुलै २०२५ मध्ये ७८ सेंट झालं, म्हणजे सत्तर पत्रांना साठ डॉलरही लागत नाहीत. मजकूर चार ओळींचा: मी कोण, कुठे राहते, तुमचं अमुक रस्त्यावरचं घर विकायचा विचार असेल तर आहे त्या स्थितीत घेण्याबद्दल बोलू, माझा नंबर. 'अंतिम सूचना' वगैरे छापलेली, सरकारी वाटणारी पाकिटं पाठवू नका. घाबरून फोन करणारा माणूस पहिल्या मिनिटाला चिडलेला असतो. पत्रं तिकीट लावूनच पाठवा. टपालपेटीत हातानं चिठ्ठी टाकणं हा इथे केंद्रीय कायद्याचा भंग आहे. भारतात दाराला पत्रकं अडकवायची सवय असते, म्हणून मुद्दाम सांगते. चौकात खांबांना ठोकलेल्या "घर विकत घेतो" पाट्यांवरही दंड होतो.

फोनच्या बाबतीत फार सांभाळा. विक्रीचे फोन नकोत असं कळवलेल्यांची 'डू नॉट कॉल' नोंदवही फेडरल ट्रेड कमिशनकडे आहे. तिथे खातं उघडून पाच एरिया कोडपर्यंतची यादी फुकट मिळते. डॅलसचे २१४, ४६९, ९७२ आणि ९४५ त्यात बसतात. यादी दर ३१ दिवसांनी नव्यानं ताडून बघायची. फोन सोमवार ते शनिवार सकाळी नऊ ते रात्री नऊच्या मध्येच, रविवारी दुपारी बारानंतर. यंत्रानं डायल करणं, आधी ध्वनिमुद्रित केलेला निरोप, शेकडो टेक्स्ट एकदम सोडणं यांच्या वाटेला जाऊ नका. १९९१ च्या टेलिफोन ग्राहक संरक्षण कायद्यात एका फोनमागे ५०० डॉलर, आणि जाणूनबुजून केल्यास १,५०० डॉलरपर्यंत भरपाई आहे. टेक्सासने १ सप्टेंबर २०२५ पासून टेक्स्ट मेसेजही आपल्या फोन-विक्रीच्या कायद्यात आणले. माझ्या ओळखीच्या एकानं विकतच्या यादीवर एका दुपारी आठशे टेक्स्ट पाठवले आणि महिनाभरात वकिलाची नोटीस हातात पडली. मी अजूनही आपणहून टेक्स्ट पाठवत नाही. पत्र वाचून ज्यानं फोन केला त्याच्याशी बोलते, आणि नोंदवहीत नसलेल्यांना हातानं नंबर फिरवून फोन करते.

दारावर जायचं ते पत्र दोनदा पाठवून झाल्यावर. 'नो सॉलिसिटिंग' पाटी असेल तर मागे फिरा. काही शहरांत दारोदार जायला परवाना लागतो, शहराच्या साइटवर बघा.

६. पहिली भेट

पहिल्या दहा मिनिटांत किंमत काढू नका. तीन गोष्टी कळायला हव्यात: विकायचं का, केव्हापर्यंत, आणि सह्या कोणाकोणाच्या लागणार.

मेस्किटमधलं एक घर सांगते. १९६२ चं, विटांचं, तीन बेडरूमचं. मालक वारून आठ महिने झाले होते आणि सत्तरीची बहीण चाव्या सांभाळत होती. माझं दुसरं पत्र वाचून तिनं फोन केला. मी गेले तर ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेली, फ्रिजवर भावाच्या डायलिसिसच्या वारांचा कागद अजून तसाच. मागच्या खोलीचं दार लागत नव्हतं. पाया खचल्यानं चौकट तिरकी झाली होती आणि कोणीतरी दाराची खालची कड रंध्यानं तासून काढली होती. मी आकडेमोड करून गेले होते, पण तिनं किंमत विचारलीच नाही. गॅरेजचं दार अर्धवट उघडून दाखवत ती म्हणाली, "हे सगळं मी कुठे नेऊ?" चाळीस वर्षांची हत्यारं, जुन्या मासिकांचे गठ्ठे, दोन बंद पडलेली गवतकापणी यंत्रं. एजंटनं तिला घर रिकामं करून रंगवायला सांगितलं होतं, आणि तिला जिना चढतानाही दम लागत होता.

करारात मी एक ओळ घातली: विक्रेत्याला हवं ते न्यावं, उरलेलं घरात सोडलं तरी चालेल. तिनं फोटोंचे अल्बम आणि भावाची शिलाई मशीन नेली. किंमतीवर घासाघीस झालीच नाही. पण वारस चार निघाले, त्यातला एक आर्कान्सासला. त्या सह्या जमवायला पाच आठवडे गेले. पहिल्याच भेटीत "भावाला मुलं किती?" हे मी नीट विचारलं नव्हतं, म्हणून करारातली तारीख दोनदा वाढवावी लागली.

आणखी एक. टेक्सासात राहतं घर विकताना नवरा-बायको दोघांच्याही सह्या लागतात, एकाचंच नाव कागदावर असलं तरी. घटस्फोट चालू असेल तर हे पहिल्या भेटीत विचारायचं.

गार्लंडच्या एका आजोबांचं घर मी बघितलं. पाया ठीक, छप्पर पाच वर्षांपूर्वीचं, घाई काहीच नाही, मुलीकडे ह्यूस्टनला जायचं म्हणून विकणार होते. माझ्या आकड्यात आणि बाजारभावात पन्नास हजारांहून जास्त फरक पडत होता. मी त्यांना एजंटचा नंबर दिला. अडलेल्या माणसाला मदत होते म्हणून आपला मोबदला रास्त ठरतो. जो अडलेला नाही, फक्त ज्याला भाव माहीत नाही, त्याच्याकडून घर स्वस्तात लिहून घेणं मला मान्य नाही, आणि नव्यानं येणाऱ्यांनीही ते करू नये असं मला मनापासून वाटतं.

७. आकडा काढा

दुरुस्तीनंतर घर कितीला जाईल ते एजंटकडून घ्या: अर्ध्या मैलात, सहा महिन्यांत विकलेली, त्याच आकाराची तीन घरं. त्याचे सत्तर टक्के, वजा दुरुस्ती, वजा तुमची फी. समजा दुरुस्तीनंतरची किंमत २,६०,००० डॉलर. सत्तर टक्के १,८२,०००. दुरुस्ती ४५,००० वजा केली की १,३७,०००. फी १०,००० धरली तर मालकाला देता येईल ती जास्तीत जास्त किंमत १,२७,०००. दुरुस्तीचा अंदाज नवखे नेहमी कमी धरतात. पाया, छप्पर, एसी आणि १९७५ च्या आधीच्या घरातले जमिनीखालचे बिडाचे पाइप, या चारांकडे आधी बघा. पहिल्या दोन-तीन घरांना कंत्राटदाराला पैसे देऊन सोबत न्या.

८. करार आणि टायटल कंपनी

करारात तो दुसऱ्याला हस्तांतरित करण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला हवा. मालकालाही मी वेगळ्या कागदावर लिहून देते की मी हा करार गुंतवणूकदाराला देणार आहे आणि त्यातून मला फी मिळेल. त्यामुळे एखादा सौदा हातचा गेला तरी चालेल. टेक्सासात ऑप्शन पीरियड असतो: थोडीशी ऑप्शन फी भरून सात-दहा दिवसांत कोणत्याही कारणानं माघार घेता येते. खरेदीदार खरंच आहे का ते त्याच दिवसांत बघा. ऑप्शन संपल्यावर खरेदीदार मिळाला नाही म्हणून मालकाला लटकवून ठेवणं, हेच या धंद्याचं नाव खराब होण्याचं सर्वात मोठं कारण आहे.

टायटल कंपनीला आधीच फोन करून विचारा, असाइनमेंटचे व्यवहार करता का. सगळ्याच करत नाहीत.

सुरू करण्याआधी हे जवळ ठेवा:

- कामाची परवानगी असल्याचा कागद (ग्रीन कार्ड किंवा चालू ईएडी)
- आयआरएसच्या साइटवरून घेतलेला ईआयएन (व्यवसायाचा कर क्रमांक), जो फुकट मिळतो. एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढायची तर टेक्सासात ३०० डॉलर
- टेक्सासच्या वकिलानं तपासलेले खरेदीचा आणि असाइनमेंटचा करार
- डू नॉट कॉलच्या साइटवरचं खातं आणि यादी ताडल्याच्या तारखांची नोंद
- असाइनमेंट करणारी एक टायटल कंपनी, एमएलएस बघू शकणारा एक एजंट, एक कंत्राटदार
- तुमच्या झिप कोडमध्ये रोखीनं घेणारे किमान पाच गुंतवणूकदार, त्यांना कोणती घरं हवीत त्याच्या टिपणासह
- अर्नेस्ट मनी (इसार), ऑप्शन फी, तिकिटं आणि पेट्रोल यांसाठी दोन-तीन हजार डॉलर

फीवर सरळ उत्पन्नाप्रमाणे कर लागतो आणि वर १५.३ टक्के स्वयंरोजगार कर. एप्रिल, जून, सप्टेंबर आणि जानेवारीच्या १५ तारखेला आगाऊ हप्ते भरायचे असतात. पहिली फी हातात आली त्याच दिवशी तिचा तिसरा हिस्सा वेगळ्या खात्यात टाका.

९. पाठपुरावा

माझ्याकडे आलेल्या सौद्यांपैकी फार थोडे पहिल्या पत्रावर आले. मेस्किटची बहीण दुसऱ्या पत्राला बोलली, एक घरमालक सहाव्याला. दर पत्त्यापुढे एक्सेलमध्ये शेवटचं बोलणं, त्या माणसाचे शब्द आणि पुढची तारीख लिहा. "मुलाची शाळा मे महिन्यात संपेल, मग बघू" असं कोणी म्हणालं तर मेच्या पहिल्या आठवड्यात फोन जायलाच हवा. "पुन्हा फोन करू नका" म्हणाला तर त्याच क्षणी नाव काढून टाका आणि तारीख नोंदवा. बाकीच्यांना दर सहा आठवड्यांनी एक पत्र. १ फेब्रुवारीला थकबाकी नव्यानं सुरू होते, जुलैत दंड चढतो, तेव्हा त्या दोन महिन्यांत यादी पुन्हा मागवून जुन्या लाल पत्त्यांशी ताडून बघा. जो पत्ता वर्षभर लालच राहिला आहे, तिथे या वेळी पत्राऐवजी शनिवारी सकाळी स्वतः जाऊन या.